दुकान वाढवायची कमांड

आमच्या घरात दुकान 'बंद' करत नाहीत. दिवाबत्ती झाली, शेवटचं गिऱ्हाईक पिशवी उचलून पायऱ्या उतरलं, की माझे वडील, आप्पा, पंच्यानं तोंड पुसतात आणि म्हणतात, चला, दुकान वाढवू. मग शटर खाली येतं. बांगडी फुटली तरी ती फुटत नाही, वाढते. घरातून निघालेली बाई जाते म्हणत नाही, येते म्हणते. यात जगावेगळं काही नाही, मराठी घरांत थोडंफार सगळीकडं हेच चालतं. पण दुकानदाराच्या घरात जरा जास्त चालतं, कारण आमचं पोटच त्या शटरवर आहे. लहानपणी मी एकदा कुणाला तरी "दुकान बंद झालं" म्हणाले, तर आईनं मला दारातच सुनावलं होतं, की बंद पडायचं ते दुश्मनाचं पडू दे, आपलं वाढतं.

हे पुराण लावलं ते अशासाठी, की याच एका शब्दावरून मला परळीजवळच्या सिरसाळ्यातून उचलून पुण्यात नेऊन बसवायचा घाट घातला गेला. आणि मला काही झालं तरी पुण्याला जायचं नव्हतं.

मी कंप्यूटरचे प्रोग्राम लिहिते. ऑफिस पुण्यात, मी सिरसाळ्यात. दुकानाच्या मागच्या खोलीत सरकी पेंडीची पोती लागलेली असतात, त्यांच्या पलीकडं खिडकीशी माझं टेबल. खिडकीबाहेर रस्ता. परळीच्या वीज केंद्रातल्या राखेचे टिप्पर येतात ते याच रस्त्यानं, आणि एकेकाचा हॉर्न असा की गल्ल्यातली चिल्लर वाजते. मीटिंग चालू असली की पुण्यातून हमखास कुणीतरी म्हणणार, प्लीज म्यूट. मी म्यूट करते, टिप्पर गेला की पुन्हा बोलते. कीबोर्डवर राख बसते ती फडक्यानं पुसते. परळीला एवढी वीज तयार होते आणि आमच्याकडं भर दिवसा लाइट जाते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो बघायचा असेल तर आमच्याकडं यावं.

पुण्यात मी राहिलेली आहे. लग्न होऊन गेलते. नवरा वाईट होता असं मी तेव्हाही कुणाला सांगितलं नाही आणि आजही सांगणार नाही. पण त्या घरात माझ्या तोंडातून निघालेला प्रत्येक शब्द आधी दुरुस्त व्हायचा आणि मग ऐकला जायचा. न्हाई नाही, नाही म्हण. हाय नाही, आहे म्हण. मी 'का' म्हणायच्या जागी "कावून" म्हणाले की सासूबाई पाहुण्यांकडं बघून हसायच्या आणि सांगायच्या, आमची सूनबाई मराठवाड्याची आहे ना. एकदा मी त्यांना म्हणाले, की तुम्हाला कळतंय तर मग अडलं कुठं? त्या म्हणाल्या, "भाषेचं नाही गं, वळणाचं आहे." हळूहळू मी बोलायचंच सोडलं. भाजीला मीठ कमी पडलंय एवढं सांगायलासुद्धा मी मनात वाक्य आधी धुऊन घ्यायची. मग एक दिवस बॅग भरली आणि एसटीत बसले.

आल्यावर आईनं मला कपिलधारला दर्शनाला नेलं. तिचा देवावर भरवसा, माझा तिच्यावर. ओल्या पायऱ्यांवर तिला आधार द्यायला गेले तर माझीच बांगडी कठड्यावर आपटली. आई लगेच म्हणाली, वाढली गं. मी तिथंच पर्समधून मंगळसूत्र काढलं, तिच्या हातावर ठेवलं आणि म्हणाले, "हे बी वाढलं म्हण." ती रडली. मी नाही रडले. खरं सांगायचं तर मला लई दिवसांनी मोकळं वाटलं.

गावानं म्हणायचं ते म्हटलं. नांदली न्हाई, लई शिकल्यावर असंच होतं, आणखी काय काय. मी त्याच गावात, त्याच रस्त्याच्या तोंडावर टेबल मांडलं. नोकरी सोडली नव्हती. आमच्या सरांनी घरून काम करायला तेव्हा "बघू काही दिवस" म्हणून होकार दिला होता. त्या 'बघू'वर माझं सगळं उभं होतं. तो शब्द कधी उलटेल याचा नेम नाही, हे मला रोज सकाळी लॅपटॉप उघडताना आठवायचं.

आता कामाचं थोडं सांगते, त्याशिवाय भांडण कळायचं नाही. पायथन नावाची एक भाषा आहे, तिच्यात आम्ही प्रोग्राम लिहितो. प्रत्येक प्रोग्रामला बाहेरचं तयार सामान लागतं, दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेलं. एकाला त्या सामानाची जुनी आवृत्ती लागते, दुसऱ्याला नवी. दोन्ही एकाच जागी ठेवल्या की नवीनं जुनीला ढकललंच म्हणून समजा, आणि काल गुमान चालणारा प्रोग्राम आज तोंड फिरवतो. म्हणून प्रत्येक कामाला त्याची त्याची वेगळी खोली करून द्यायची. तिला व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट असं भारदस्त नाव आहे. खोली कसली, साधा फोल्डर असतो. आत शिरलं की तिथलंच सामान दिसतं, शेजारचं दिसत नाही. आप्पांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, की यात इंजिनेरी काय हाय, घासलेटाच्या डब्याजवळ साखर कोण ठेवतं?

पण या खोल्या बांधायच्या, त्यात शिरायचं, निघायचं, मोडायच्या, ते सगळं काळ्या पडद्यावर ओळी टाइप करून. ओळी लांबलचक, ध्यानात न राहणाऱ्या. आमच्या टीममध्ये कुणी भलत्याच खोलीत शिरायचं, कुणी शिरलं की निघायचंच विसरायचं, कुणी खोलीबाहेरच अंगणात सामान ओतून ठेवायचं. रोज नवी बोंब. बेजार होऊन मी शेलमध्ये, म्हणजे आपण टाइप केलेलं ऐकून कामाला लागणारा जो त्या काळ्या पडद्यामागं असतो त्याच्यासाठी, चार छोट्या कमांड लिहिल्या आणि सगळ्यांच्या सामाईक सर्व्हरवर ठेवून दिल्या. त्यांना नावं द्यायची वेळ आली तेव्हा पोत्यांच्या फटीतून मला आप्पा गल्ल्यावर बसलेले दिसत होते. मी फार विचार केला नाही. अक्षरं इंग्रजी टाइप केली, शब्द आमचे: उघड, बस, ऊठ, वाढव.

उघड म्हटलं की नवी खोली तयार. बस म्हटलं की तुम्ही त्या खोलीत जाऊन बसलात, जसं आम्ही दुकानावर बसतो. पडद्यावर ओळीच्या सुरुवातीला त्या खोलीचं नाव दिसत राहतं, म्हणजे गादीवर कोण आहे ते कळतं. ऊठ म्हटलं की बाहेर. आणि वाढव म्हटलं की खोली मोडून जागा मोकळी. पण वाढव मी नीट विचार करून लिहिली होती. ही कमांड खोली मोडायच्या आधी आत कोणकोणतं सामान होतं आणि कोणत्या आवृत्तीचं, ते बाजूला लिहून ठेवते. उद्या त्याच नावानं उघड म्हटलं, की तीच खोली जशीच्या तशी हजर. कारण दुकान वाढवणं म्हणजे मोडणं नव्हे. संध्याकाळी शटर ओढणारा माणूस सकाळी ते उघडायच्या बोलीवरच ओढतो.

टीमला ते आवडलं. दुसऱ्या राज्यांतली पोरंसुद्धा बस-ऊठ करायला लागली. सरांनीही कधी नाक मुरडलं नाही. चाललं होतं तोवर ते कुणाच्या डोळ्यात आलं नाही.

मग तो दिवस उगवला. एका मोठ्या गिऱ्हाइकाला आमचं काम दाखवायचं होतं, सर स्वतः दाखवणार होते. नेमका सिरसाळ्याचा बाजाराचा दिवस. दुकानात गर्दी, आप्पांचे हात पुरेनात, म्हणून मी मधूनमधून उठून काट्यावर उभी राहत होते. तिकडं पुण्यात आमच्या टीममधल्या एका जणाच्या ध्यानात आलं, की त्या कामाच्या खोलीत एक सामान कमी आहे. पोरगा मनाचा चांगला, कामाला चोख. घर मराठी, पण शाळा इंग्रजी आणि सात पिढ्यांत कुणी दुकान चालवलेलं नाही. त्यानं विचार केला, खोलीतलं सामान वाढवायचंय. समोर कमांड आहे, वाढव, जी त्यानं आजवर कधी वापरलीच नव्हती. त्यानं वाढव लिहिलं, पुढं त्या कामाचं नाव लिहिलं आणि एंटर दाबलं.

माझी कमांड गुणी. काम झालं की एका शब्दात सांगते: "वाढवलं." तो खूश झाला. आमच्या ग्रुपवर त्यानं टाकलं, वाढवलं. मी इकडं गुळाची ढेप काट्यावर ठेवता ठेवता ते वाचलं. मला वाटलं, त्यानं स्वतःची एखादी जुनी, शिकताना केलेली खोली आवरली असेल. मी अंगठा दाखवला. तो चहा प्यायला गेला, मी पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळले. एकाच शब्दावर दोघंही समाधानी, आणि खोली गायब.

थोड्या वेळानं त्याचा फोन आला तेव्हा त्याला धड बोलता येत नव्हतं. गिऱ्हाईक येऊन बसलंय, सरांनी दाखवायला घेतलंय, आणि प्रोग्राम म्हणतो सामानच सापडत नाही. मी विचारलं, तू सकाळपासून काय काय टाइप केलंस ते सांग. त्यानं सांगितलं.

"अरे बाबा, तू दुकान वाढवलंस," मी म्हणाले.

"हो, वाढवलंच ना! तेच तर सांगतोय."

"वाढवलं म्हणजे बंद केलंस."

तो हळूच म्हणाला, "वाढवणं म्हणजे बंद करणं कसं होईल?"

मला हसू आलं आणि रागही आला, पण दोन्हीला फुरसत नव्हती. लाइट गेलेली, इन्व्हर्टरनं मान टाकलेली, लॅपटॉपची बॅटरी लाल झालेली. मी मोबाइलच्या नेटवर सर्व्हरला जोडून घेतलं आणि टाइप केलं, उघड, पुढं त्या कामाचं नाव. कमांडनं बाजूला ठेवलेली नोंद काढली आणि एकेक सामान आणून लावायला सुरुवात केली. पोत्यांपलीकडून एक म्हातारी आप्पांना विचारत होती, पोरीनं तोंड असं कावून केलंय. सामान लागलं. त्या पोराला जे हवं होतं तेही मी त्यात टाकलं. पडद्यावर आलं, "उघडलं." पुण्यात तोवर सर गिऱ्हाइकाला रस्त्यावरच्या ट्रॅफिकबद्दल काहीतरी सांगत वेळ काढत होते. मग काम दाखवलं गेलं, गिऱ्हाईक मान डोलावून गेलं, आणि माझा लॅपटॉप मेला.

दुपारनंतर लाइट आली आणि सरांनी सगळ्यांना मीटिंगला बोलावलं. मला, वेडीला, वाटलं की शाबासकी आहे.

सर कधी आवाज चढवत नाहीत. शांतपणे त्यांनी सांगितलं, की या असल्या नावांमुळं कंपनीची इज्जत जाता जाता राहिली. आजपासून चारही कमांडची नावं इंग्रजी होतील, जगात चालतात तशी. ज्यानं न विचारता एंटर दाबलं त्याला एक शब्द नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी. मी म्हणाले, की मोडायच्या आधी वाढव कमांडनं एकदा विचारायला हवं हे मला पटतं, ते मी आजच करून टाकते. पण नावं कावून बदलायची? माझ्या तोंडातून कावूनच निघालं. पडद्यावरच्या दोन-चार चौकोनांत दात दिसले.

मग सर म्हणाले, की मूळ दुखणं वेगळंच आहे. उंटावरून शेळ्या हाकल्या की असं होतं. तू तिकडं बसतेस, टीम इकडं. नव्या महिन्यापासून तू पुण्यात बसायचंस.

झालं. तो 'बघू' उलटला. मी म्हणाले, "सर, शेळ्या वळवून कुणी आणल्या?" मग मी थांबलेच नाही. मी म्हणाले, "चालू प्रोग्राम थांबवायचा तर आपण रोज 'किल' लिहितो. किल म्हणजे मार. ते जगात चालतं. मारा म्हणायला लाज वाटत न्हाई आणि वाढवा म्हणायला वाटती?"

सर म्हणाले, "भाषेचा प्रश्न नाही. शिस्तीचा आहे."

हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. माणूस दुसरा, घर दुसरं, पण वाक्य तेच. तेव्हा ऐकून मी गप्प बसले होते. या वेळी मी बोलले, आणि सगळं बोलले. पुण्याला मी येणार नाही. काम इथून होतंय, आजही इथूनच झालं. एकदा मी दुसऱ्याच्या घरात स्वतःला पुसून बघितलंय, पुन्हा ते करायची नाही. तुम्हाला नोकरी काढून घ्यायची तर घ्या, जागा मी सोडणार नाही. एवढं मोठं भाषण मी जिंदगीत केलं नव्हतं. बोलून झालं तेव्हा सर आभार मानून मीटिंग संपवायला लागले होते. मला वाटलं, बरं झालं, ऐकलं तरी. मीही सवयीनं बटण दाबून म्हणाले, "बरं सर, येते," आणि उठले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसची मेल आली. पुण्यात येत असल्याचं कळवल्याबद्दल आभार मानले होते. सोबत फोटो. निळी फिरती खुर्ची, तिच्या पाठीला चिकटवलेल्या कागदावर माझं नाव. खिडकीजवळची जागा दिल्याचं खास लिहिलं होतं.

मी चक्रावले. त्या चांगल्या मनाच्या पोराला फोन केला. तो म्हणाला, "तू बोललीस कुठं? मध्ये बराच वेळ तू म्यूटवर होतीस. आम्हाला वाटलं रडतेयस. मग एकदम म्हणालीस, बरं सर, येते."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. सर शिस्तीचं बोलले त्याच वेळी बाहेरून टिप्पर येत होता. त्याचा हॉर्न ऐकून माझं बोट आपोआप म्यूटवर गेलं होतं. कुणी सांगितलंही नव्हतं. आयुष्यात एकदा तोंड उघडलं, आणि मीच माझं तोंड दाबून ते भाषण पेंडीच्या पोत्यांना ऐकवलं. शेवटी सवयीनं बटण दाबलं तेव्हा कुठं आवाज पुन्हा चालू झाला, म्हणून पुण्याला पोचलं ते एवढंच, की मी येते. मला असा संताप आला की विचारू नका. सरांचा नाही, माझ्या त्या बोटाचा.

फोटो आईनंही पाहिला. ती खुर्चीकडं बराच वेळ बघत राहिली. दुपारी शेजारच्या काकू येऊन गेल्या, त्यांना कुठून कळलं देव जाणे. बरं झालं बाई, म्हणाल्या, पुण्यानं पुन्हा बोलावलं, आता सगळं मार्गी लागंल. त्या गेल्यावर आईनं भाजी निवडता निवडता खाली बघूनच विचारलं, "मग? जाती का?"

मला कळत होतं तिच्या मनात काय आहे ते. आपल्या माघारी माझं काय होणार, हीच तिची धास्ती. पुण्यात निदान खुर्ची तरी आहे. मी म्हणाले, न्हाई जाणार. ती म्हणाली, नोकरी गेली तर? मी म्हणाले, गेली तर दुसरी बघीन, पण बघीन इथंच बसून. तिनं निवडलेली भाजी उचलून आत नेली. आप्पा बाहेरून सगळं ऐकत होते. ते एवढंच म्हणाले, की दुकानावर कुठं बसायचं ते बसणारानं ठरवावं, खुर्ची पाठवणारानं न्हाई.

मी मेलचं उत्तर लिहायला बसले. पहिल्यांदा इंग्रजीत लिहिलं. वाचून बघितलं तर मलाच वाटलं, कुणी दुसरीच बाई माफी मागतेय. पुसलं. मराठीत लिहिलं: "मी येते म्हणाले तो निरोप होता. आमच्याकडं निघताना जाते म्हणत नाहीत. मी पुण्याला येणार नाही. काम सिरसाळ्यातून करते आहे, सिरसाळ्यातूनच करीन. कमांडची नावं आहेत तीच राहतील. वाढव आता मोडायच्या आधी विचारते. कृपा करून ती खुर्ची वाढवा."

पाठवून टाकलं आणि जेवायला बसले.  

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. लिहिणारी ऑफिसातली खुर्च्या-टेबलं बघणारी मुलगी, तिच्याकडं माझ्या मेलची शेवटची ओळच गेली असावी; अक्षर न अक्षर नम्र. आपल्या विनंतीनुसार व्यवस्था केली आहे, असं तिनं लिहिलं होतं. खाली फोटो. खिडकीजवळ आता दोन निळ्या खुर्च्या होत्या, दोन्हींच्या पाठीला माझं नाव.

मी फोटो घेऊन गल्ल्याकडं गेले. आप्पांनी चष्मा लावला, बघितलं, काय झालं ते विचारलं. मी सांगितलं. त्यांना हसता हसता ठसका लागला. आईनं पाणी आणलं, तिला सांगितलं, तीही पदर तोंडाला लावून हसली. गिऱ्हाइकं बघत राहिली. त्या पोराचाही फोन आला. त्याला आता वाढवणं कळलं होतं. तो म्हणाला, मी त्या खुर्च्यावाल्या मुलीला अर्थ सांगणार होतो, पण म्हटलं राहू दे.

हसणं ओसरलं आणि सरांचा फोन आला. मी पोत्यांपलीकडं माझ्या टेबलाशी गेले.

त्यांनी विचारलं, हा काय प्रकार आहे, तू येणार नाहीस म्हणतेस आणि दोन खुर्च्या मागतेस? मी त्यांना सगळं सांगितलं. दुकान, बांगडी, वाढवणं, येते म्हणणं. मग मीटिंगमध्ये जे पोत्यांना ऐकवलं होतं, ते पुन्हा पहिल्यापासून त्यांना ऐकवलं. या वेळी शब्द कमी लागले. शेवटी म्हणाले, "सर, नोकरी ठेवायची का न्हाई ते तुमी ठरवा. मी कुठं बसायचं ते मी ठरवलंय."

बाहेरून टिप्पर येत होता. लांबूनच हॉर्न देत होता. माझं बोट बटणाकडं गेलं, आणि मी ते मुठीत धरलं. टिप्पर आला, खिडकीचे गज थरथरले, गल्ल्यातली चिल्लर वाजली, राख आत आली, आणि हे सगळं पूर्ण आवाजात पुण्यापर्यंत गेलं. सर थांबले. टिप्पर जाईपर्यंत त्यांना थांबावंच लागलं.

आवाज विरला. मग वैतागून, पण आवाज न चढवता, ते म्हणाले, "बस मग तिथंच."

"बसलेच हाय, सर," मी म्हणाले.